नव्वद सेकंदांचा वेग

मंगळवार, वैशाखातली दुपार, दोन वाजून चाळीस मिनिटे. एका कोळसाखाणीच्या तोंडाशी, पत्र्याच्या छपराखालच्या नियंत्रणकक्षात धोक्याचा भोंगा वाजला. बाहेर शेहेचाळीस अंश तापमान होते. भोंगा वाजला तेव्हा खाणीच्या तिसऱ्या फाट्यात काम करणारे तिघे जण पडलेले होते: सुखदेव आत्राम, बंडू ढवस आणि शंकर उपरे. तिथल्या विषारी वायूने सुरक्षित प्रमाणाची हद्द ओलांडली होती दोन वाजून एकतीस मिनिटांनी. भोंगा नऊ मिनिटे उशिरा वाजला. त्या फाट्यातून सुरक्षित जागी पोचायला चालत सहा मिनिटे लागतात. धावले तर तीन.

कामाची रीत साधी होती. खाणीत दोनशे चाळीस ठिकाणी वायू मोजणारे डबे बसवलेले होते. प्रत्येक डबा दर सेकंदाला आपला आकडा वर पाठवी. वर एक संगणक ते सगळे आकडे एकमेकांशी ताडून पाही आणि कुठे हद्द ओलांडली गेली, तर पडद्यावरचा त्या जागेचा हिरवा चौकोन लाल करी. चौकोन लाल झाला की खुर्चीवरच्या माणसाने भोंग्याचे बटण दाबायचे. त्या दिवशी खुर्चीवर देवाजी पिंपळशेंडे होता. एकोणीस वर्षे तोच त्या खुर्चीवर बसत आला होता.

दुसऱ्या दिवशी संगणकातली नोंद काढली गेली. तिच्यात होते: तिसरा फाटा, हद्द ओलांडली, दोन वाजून एकतीस मिनिटे. भोंग्याचे बटण दाबले, दोन वाजून चाळीस मिनिटे. मधली नऊ मिनिटे देवाजीच्या माथी मारण्यात आली. तो डुलक्या घेत असणार, असे खाणीच्या व्यवस्थापनाने चौकशी सुरू होण्याआधीच पत्रक छापून वाटले. त्याला कामावरून दूर केले गेले, तीन मृत्यूंचा गुन्हा त्याच्यावर नोंदवला गेला आणि खाणीच्या वसाहतीतली खोली महिन्याभरात रिकामी करायला सांगण्यात आले.

हा संगणक खाणीत बसण्याआधी ज्याने तपासला, तो शहरातल्या एका सरकारी चाचणी प्रयोगशाळेचा प्रमुख होता. एका वृद्ध गुरूचा तो शिष्य. म्हणून इथेही त्याला शिष्यच म्हणू. जानेवारी महिन्यात त्याने जुना संगणक आणि नवा संगणक शेजारी ठेवून मोजले होते आणि लिहून दिले होते की नव्याचा वेग जुन्याच्या दुप्पट आहे, सबब तो या कामास योग्य आहे. खाली त्याची सही होती. आता चौकशी आयोगाने त्याला सोमवारी साक्षीला बोलावले होते. प्रश्न एकच विचारला जाणार होता: हे यंत्र नऊ मिनिटे मागे पडू शकते काय? तो ‘नाही’ म्हणाला की देवाजी तुरुंगात. आणि त्याच्या सहीचा कागद ‘नाही’च म्हणत होता.

साक्षीच्या आठ दिवस आधी नव्या यंत्राचा विक्रेता त्याला भेटायला आला. स्वच्छ, नम्र, मोजके बोलणारा माणूस. त्याने खुर्ची पुढे ओढली नाही, चहासुद्धा नको म्हणाला.

"साहेब, मी काही मागायला आलेलो नाही. तुम्ही जे लिहून दिलंय तेच बोला. त्यात एक शब्द घालू नका, एक काढू नका."

"तिघं गेलेत," शिष्य म्हणाला.

"त्याचं आम्हाला काय कमी वाईट वाटलं? ऑफिसात सगळे दोन मिनिटं उभे राहिलो. पण जुन्या मशीनचा प्रोसेसर चार कोअरचा होता, आमचा आठ कोअरचा आहे. जुन्याचा वेग अडीच गिगाहर्ट्झ, आमचा पाच पूर्णांक एक. हे मी म्हणत नाही, तुम्ही मोजलंत. आता एका झोपाळू माणसासाठी तुम्ही स्वतःच्या सहीला खोटं पाडणार?"

प्रोसेसर म्हणजे संगणकात हिशेब करणारी चिप आणि कोअर म्हणजे तिच्या पोटातले हिशेबनीस. चारांच्या जागी आठ हिशेबनीस, तेही दुप्पट चपळ, मागे पडतीलच कसे? शिष्याला त्या बोलण्यात खोट सापडली नाही. त्याने स्वतः मोजले होते. तीन वेळा मोजले होते.

त्याच दिवशी संध्याकाळी प्रयोगशाळेच्या फाटकाशी एक बाई उभी होती. देवाजीची बायको, यमुनाबाई. ती रडत नव्हती. सकाळच्या एसटीने आली होती आणि परतीची गाडी सहाला होती, म्हणून घाईत होती.

"तुमीच का जी ते मशीन पास करनारे?"

"हो."

"माहा मानूस म्हनते, चौकोन हिरवा होता. दोन चाळीसवरी हिरवाच होता. लाल झाला तसं बटन दाबलं म्हनते."

"नोंदीत तसं नाही, बाई."

"नोंद कोन लिवते?"

"मशीनच लिहितं."

"अन् मशीनले कोन इचारते?"

"मशीनला झोप येत नसते, बाई," तो म्हणाला, आणि हे वाक्य आपले नसून दुपारी येऊन गेलेल्या माणसाचे आहे असे त्याला म्हणता म्हणताच वाटले.

"झोप नसन येत," यमुनाबाई म्हणाली. "दमत तं असन?"

ती गेल्यावर तो हसला. जिना चढेपर्यंत हसू मावळले होते. रात्री त्याने जेवण टाळले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वर्षांत न केलेली गोष्ट केली: गुरुजींचे घर गाठले.

गुरुजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. तंत्रनिकेतनात पस्तीस वर्षे मोजमापाची यंत्रे शिकवून निवृत्त झालेले. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते दूध डेअरीचे वजनकाटे आणि सोसायट्यांचे जुने संगणक दुरुस्त करत बसत. त्यांनी मान वर केली नाही.

"नोकरी गेली की जायचीय?"

"जाईल असं वाटतंय, सर."

"मग बस. चहा मिळणार नाही, दूध नासलंय."

शिष्याने सारे सांगितले: खाण, नोंद, विक्रेता, यमुनाबाई. गुरुजींनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाले, "दोन्ही यंत्रं घेऊन ये. जुनं आणि नवं. आणि त्या दिवशी खाणीतून वर आलेले आकडे."

नव्याचा नमुना प्रयोगशाळेत होता. आयोगाने तपासासाठी पाठवलेली त्या दिवसाच्या आकड्यांची प्रतही तिथेच होती. जुने यंत्र खाणीच्या भांडारात भंगारात पडले होते. भांडारपालाने एका सहीवर ते काढून दिले आणि कशाला हवे हेही विचारले नाही. गुरुवारी सकाळी अकरा वाजता दोन्ही यंत्रे शेडमधल्या टेबलावर शेजारी शेजारी लागली. गुरुजींनी त्या मंगळवारचे अकरापासूनचे आकडे, ज्या क्रमाने आणि ज्या वेगाने खाणीतून आले होते त्याच क्रमाने आणि वेगाने, दोघांनाही भरवायला सुरुवात केली.

शिष्याने वही उघडली. पहिला तासभर तो मन लावून लिहीत होता. नवे यंत्र आलेला प्रत्येक आकडा जुन्याच्या निम्म्या वेळात निकालात काढत होते. त्याला हायसे वाटले. त्याने वही गुरुजींपुढे धरली.

गुरुजींनी ते पान फाडले, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवले.

"पहिला तास लिहायचा नाही."

"का?"

खांद्यावरचा टॉवेल आणि दोरीवरचा दुसरा, असे दोन्ही काढून गुरुजींनी दोन्ही पडदे झाकले आणि शिष्याच्या हाती एक तापमापी दिली. "आता याच्याकडे बघ. शेडचं तापमान दर पंधरा मिनिटांनी लिही. दुसरं काही नको."

"सर, मी तेवीस माणसांची प्रयोगशाळा सांभाळतो. मला तापमापी बघायला बसवता?"

"बसवतो. जानेवारीत कोणी बसवलं नाही म्हणून."

शिष्य बसला. बारा वाजता एक्केचाळीस. एकला चव्वेचाळीस. गुरुजींनी भाकरी आणि कांदा खाल्ला, त्यालाही दिला. जुन्या यंत्राचा पंखा चक्कीसारखा घुमत होता. नवे यंत्र गप्प होते. विक्रेत्याच्या पत्रकात ही शांतता मोठ्या अक्षरांत छापलेली होती. दोन वाजता पारा शेहेचाळीसला टेकला. शिष्याचा सदरा पाठीला चिकटला. तो चिडलेला होता, आणि आपण नेमके कशावर चिडलो आहोत ते त्याला कळत नव्हते.

अडीच वाजता गुरुजींनी टॉवेल काढले.

"तिसरा फाटा," एवढेच ते म्हणाले.

दोन्ही पडद्यांवर चौकोन हिरवा होता. दोन वाजून एकतीस मिनिटांनी जुन्या यंत्रावरचा चौकोन लाल झाला. शिष्याने नव्याकडे पाहिले. हिरवा. पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ बरोबर चालत होते, चौकोनांच्या कडा ठळक होत्या, काही बिघडल्याची खूण कुठेही नव्हती. दोन बत्तीस, हिरवा. दोन चौतीस, हिरवा. तो खुर्ची ओढून पडद्यासमोर बसला. दोन सदतीस. आता खाली सुखदेव आत्राम पडला असेल, असे त्याच्या मनात आले, आणि त्याचा हात नकळत टेबलावर बटण शोधू लागला. बटण तिथे नव्हते. असते तरी हिरव्या चौकोनावर ते कोणी दाबले नसते. गुरुजी मागे उभे होते.

दोन वाजून एकोणचाळीस मिनिटे आणि पन्नास सेकंदांनी नव्या यंत्रावरचा चौकोन लाल झाला.

शिष्याने यंत्राची नोंद उघडली. तिच्यात लिहिले होते: तिसरा फाटा, हद्द ओलांडली, दोन वाजून एकतीस मिनिटे.

त्याला समजायला वेळ लागला नाही. वायूचा प्रत्येक आकडा खालून स्वतःची वेळ घेऊन येतो आणि यंत्र तीच वेळ नोंदीत उतरवते. चौकोन पडद्यावर खरोखर कधी लाल झाला, हे ते कुठेच लिहीत नाही. यंत्र जवळजवळ नऊ मिनिटे मागे पडले होते आणि त्याने आपल्या हाताने वेळेवर असल्याचा दाखला लिहिला होता. त्या दाखल्यावर एक माणूस तीन मृत्यूंचा आरोपी झाला होता.

"तुझी चाचणी किती वेळाची होती?" गुरुजींनी विचारले.

"नव्वद सेकंदांची. तीनदा."

"खोलीचं तापमान?"

"वीस अंश. एसी होता."

"आणि दोन चाचण्यांच्या मधे?"

"दहा मिनिटं यंत्र नुसतं ठेवायचं. आकडा स्वच्छ यावा म्हणून. पद्धतीतच तसं लिहिलंय."

गुरुजींनी खिशातले पान काढून त्याच्यापुढे ठेवले. "म्हणजे जानेवारीत तू जे मोजलंस, ते सगळं या पानात मावतं. ते खोटं नाही. म्हणूनच फाडावं लागलं."

मग त्यांनी पेचकस घेऊन दोन्ही यंत्रे उघडली. जुन्यात प्रोसेसरवर ॲल्युमिनियमचा वीतभर ठोकळा आणि वर पंखा होता. नव्यात एक पातळ पत्रा होता, बाकी मोकळी जागा.

"बघ. जुन्याचे चार कोअर एकसारखे. फार चपळ नाहीत, पण तापले तर थंड ठेवायची सोय आहे, म्हणून सकाळी जेवढं करतात तेवढंच दुपारी करतात. नव्याचे आठ कोअर खरे आहेत, पण चार मोठे आणि चार लहान. मोठे चार जीव तोडून धावतात. तापले, की जळून जाऊ नयेत म्हणून आपोआप मंदावतात आणि काम लहानांच्या गळ्यात टाकतात. लहानांना ते झेपत नाही, मग रांग लागते. ही रचना वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तुझ्या फोनात हीच आहे आणि तिथे शहाणपणाची आहे, कारण फोनला काम मधूनमधून येतं. धाप लागली की बसायला मिळतं. खाण कधी बसते? दम खायला वेळ लागतो असं यंत्र त्यांनी अखंड चालणाऱ्या कामासाठी विकलं. आणि धाप दिसू नये म्हणून चाचणीत दहा-दहा मिनिटांची विश्रांती लिहून ठेवली. तू तिला स्वच्छता समजलास. विकणारा वेग सांगतो तेव्हा तो खोटं बोलतोय का, हे शोधत बसू नकोस. बहुधा तो खरंच बोलत असतो. हा वेग किती वेळ टिकतो, एवढं विचार. मग त्याचा चेहरा बघ."

"पण पद्धत प्रमाणित आहे, सर. देशभर हीच वापरतात."

"लिहिली कोणी?"

शिष्याने अकरा वर्षे ती पद्धत वापरली होती. तिचे शेवटचे पान त्याने कधी उघडले नव्हते. तेव्हा फोनवर उघडले. पद्धत ठरवणाऱ्या समितीत पाच जण होते. पाचांतले तिघे प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्यांचे पगारी नोकर होते. नावे, हुद्दे, सगळे स्वच्छ छापलेले. कोणी काही लपवले नव्हते. ज्यांनी परीक्षा द्यायची त्यांनीच प्रश्नपत्रिका काढली होती आणि तपासायला सरकारी शिक्का लावून त्याला बसवले होते. शिक्का मारताना त्याला आपण काटेकोर असल्याचा अभिमान वाटत असे.

"सोमवारी काय बोलू?" त्याने विचारले.

"ते मला कशाला विचारतोस? सही तुझी आहे." गुरुजी यंत्राचे स्क्रू परत बसवू लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "ती बाई काय म्हणाली होती म्हणालास?"

"मशीन दमत असेल, म्हणाली."

"तिला कोणती पद्धत शिकवली होती?"

शेडमध्ये जुन्या यंत्राचा पंखा अजून घुमत होता. आपल्याकडे तेवीस माणसे, वीस अंशांची खोली आणि अकरा वर्षांचा अनुभव होता, आणि जी शंका फाटकाशी उभ्या असलेल्या बाईला आली ती आपल्याला आली नाही, कारण आपल्याला ती यायची गरजच ठेवलेली नव्हती, हे शिष्याला उमगले. त्याने वहीतले तापमानाचे आकडे पुन्हा एकदा सुवाच्य अक्षरात उतरवून काढले.

सोमवारी आयोगासमोर त्याने दोन्ही यंत्रे ठेवली आणि जे शेडमध्ये पाहिले ते सांगितले. विक्रेत्याचा वकील उठला.

"म्हणजे तुम्ही दिलेला दाखला खोटा होता?"

"आकडा बरोबर होता. चाचणी चुकीची होती."

"चाचणी तर प्रमाणित पद्धतीची होती. चुकीची ठरवणारे तुम्ही कोण?"

"ती वापरून सही करणारा."

"मग या तिघांच्या मृत्यूला तुम्हीच जबाबदार, असं लिहून घेऊ?"

"माझ्या वाट्याचं लिहून घ्या," शिष्य म्हणाला. "पण लिहायला सुरुवात केलीत तर माझ्यापाशी थांबू नका."

वकील बसला. मागच्या बाकावर देवाजी बसला होता. त्याने वर पाहिले नाही. बाहेर आल्यावर तो शिष्याजवळून गेला आणि नमस्कार न करता पुढे निघून गेला. शिष्यालाही तेच योग्य वाटले.

आयोगाने अहवालात देवाजी पिंपळशेंडेला निर्दोष ठरवले. गुन्हा मागे घेतला गेला, खोली राहिली. शिष्याला निलंबित करण्यात आले. कारण दिले, खात्याच्या परवानगीशिवाय खाजगी जागी चाचणी केली. देवाजीला पुन्हा कामावर बोलावले गेले. तीच खुर्ची, तेच यंत्र. बदलण्याचा आदेश निघालेला नाही. तो आता दर पाच मिनिटांनी खाली फोन लावतो आणि प्रत्येक फाट्यातल्या माणसाला नाव घेऊन विचारतो, "बरा आहेस ना गा?" पाळीभर हेच. व्यवस्थापनाने त्याला दोनदा समज दिली आहे, की यासाठी यंत्र आहे.

आयोगाने निर्मात्या कंपनीला लेखी एकच प्रश्न पाठवला होता: बाहेर पंचेचाळीस अंश तापमान असताना सलग आठ तास काम केल्यावर आपल्या प्रोसेसरचा वेग किती राहतो? उत्तराला तीस दिवसांची मुदत होती. त्याला अकरा महिने झाले. तेच यंत्र आणखी सात खाणींत चालू आहे, आणि पुन्हा चैत्र सरत आला आहे. उत्तर आलेले नाही.